हिशेब मागता आला पाहिजे

स्मरणिकेसाठी लिहावयास बसले की आठवणी दाटून येतात. वसतिगृहातील पहाटेची घंटा, वंदनेनंतर सभागृहात पसरणारी शांतता, पंगतीतील वरण-भात, निरोपाच्या दिवशी भरून आलेले डोळे. या सर्वांविषयी या अंकात अनेक जण लिहितीलच. आम्ही मात्र अशा एका विषयावर लिहीत आहोत, ज्याचे नाव काढताच बहुतेक माजी विद्यार्थी हसून विषय बदलतात. तो विषय म्हणजे गणित. याच शाळेत आम्ही ते आधी धडपडत शिकलो आणि पुढे अनेक वर्षे शिकवले. तेव्हा जे लिहीत आहोत त्यात इतरांपेक्षा आमच्याच चुकांची कबुली अधिक आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना होता. ऊसतोडीचा हंगाम आटोपून परतलेले एक पालक सातवीत शिकणाऱ्या आपल्या मुलीला सुटीसाठी न्यावयास आले होते. त्यांच्या खिशात मुकादमाने दिलेली हिशेबाची चिठ्ठी होती. पती-पत्नी मिळून एक कोयता. हंगामापूर्वी घेतलेली उचल ८०,००० रुपये. टनाला ३५० रुपये दर. आणि दर पंधरवड्याला तोडलेल्या उसाचे टनांतील आठ आकडे : २६, २४, ३१, २३, ३०, २५, २२ आणि ३१. खाली बेरीज १९२ टन, मजुरी ६७,२०० रुपये आणि उचलीपैकी अंगावर बाकी १२,८०० रुपये. ही बाकी पुढच्या हंगामात फेडावयाची, म्हणजे पुढचा हंगामही त्याच मुकादमाकडे बांधलेला. "गुरुजी, कायतरी चुकतंय, पण कुठं त्ये कळंना," एवढेच ते म्हणाले.

आम्ही चिठ्ठी हातात घेण्यापूर्वीच मुलीने ती घेतली. व्हरांड्याच्या पायरीवर बसून तिने वहीच्या मागच्या पानावर आठ आकडे एकाखाली एक मांडले. बेरीज आली २१२. तिने ती खालून वर पुन्हा केली. पुन्हा २१२. एकक स्थानाची बेरीज २२ येते. त्यातील हातचे दोन दशकस्थानी मिळवावयाचे चिठ्ठीत राहून गेले होते. त्या हातच्या दोनची किंमत होती २० टन ऊस, म्हणजे ७,००० रुपये. बाकी १२,८०० नव्हे, ५,८०० होती. ही चूक नजरचुकीने झाली की जाणूनबुजून, हे आम्हांला ठाऊक नाही. वडिलांनी वही दाखवली तेव्हा मुकादमाने आकडा दुरुस्त करून दिला, एवढे मात्र नंतर कळले.

या प्रसंगाचा आनंद झालाच, पण त्याहून अधिक लाज वाटली. कारण त्याच मुलीच्या त्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकावर आमच्याच अक्षरात शेरा होता : 'गणितात कच्ची.' जिने आपल्या आई-वडिलांचे वीस टन श्रम परत मिळवले, तिला आम्ही कच्ची ठरवले होते. मग कच्चे नेमके कोण होते? तिचे गणित, की गणिताकडे पाहण्याची आमची दृष्टी?

या प्रश्नाचा विचार करताना आमचे एक मत बनले, ते या लेखात मांडावयाचे आहे. गणित हे हुशार मुलांना निवडून काढण्याचे चाळण नव्हे. ते प्रत्येकाच्या हाती असावयाचे संरक्षणाचे साधन आहे. ज्याला हिशेब करता येतो, त्यालाच हिशेब मागता येतो. आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वहीवर अंगठा उमटवला, त्या समाजाच्या शाळेत तर या विषयाची गरज भाषेइतकीच मूलभूत मानली पाहिजे.

हा विचार नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर केले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी मोडी व बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीलाच हिशेबाचा उल्लेख केला. शेतकऱ्याचे मूल कोठे नाडले जाते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. बाबासाहेबांचे तर अर्थशास्त्रावरील लेखन म्हणजे आकड्यांना प्रश्न विचारण्याचा वस्तुपाठच होय. १९१८ साली लहान शेतजमिनींवर लिहिताना त्यांनी दाखवले की, जमिनीचा तुकडा केवळ लहान आहे म्हणून शेती तोट्याची ठरत नाही. त्या जमिनीचे श्रमाशी व भांडवलाशी प्रमाण काय, हे पाहावे लागते. आपण सहावी-सातवीत शिकतो ते गुणोत्तर आणि प्रमाण हेच. १९२३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आणि १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी मांडलेले महार वतनासंबंधीचे विधेयक, या दोहोंच्या मागे हीच शिस्त आहे. अन्यायाविरुद्ध आवाज उठवावयाचा तर आधी त्याचे माप घ्यावे लागते, हे आपण त्यांच्याकडून शिकावयास हवे. जयंतीला आपण त्यांच्या ग्रंथांची नावे घेतो. त्या ग्रंथांतील आकड्यांपाशी मात्र थांबत नाही.

मग आपली मुले गणिताला का घाबरतात? आमच्या अनुभवात याची तीन कारणे दिसली.

पहिले कारण भाषेचे आहे. मराठीत 'त्रेपन्न' म्हणताना तीन आधी उच्चारले जातात आणि लिहिताना पाच आधी येतात. म्हणूनच अनेक मुले त्रेपन्न ऐकून पस्तीस लिहितात. त्यात 'त्र्याण्णव'सारखी जोडाक्षरे. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशीही वाचनाची रीत आली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू शांतपणे मांडली. आमचे मत असे की, परंपरेतील संख्यानामे मुलांना आलीच पाहिजेत. बाजारात तीच चालतात. परंतु तेथवर पोहोचण्यासाठी 'पन्नास आणि तीन' हा पूल वापरला तर भाषा भ्रष्ट होत नाही, मूल मात्र बुडत नाही. पुढच्या इयत्तांत 'लसावि', 'मसावि', 'परिमेय' असे शब्द येतात. त्यांचा अर्थ न सांगता केवळ रीत सांगितली की मुलाला वाटते, ही भाषा आपली नव्हे.

दुसरे कारण घाईचे आहे. जो लवकर उत्तर देतो तो हुशार, अशी समजूत आपण वर्गात रुजवली. व्हरांड्याच्या पायरीवर त्या मुलीला कोणी घड्याळ लावले नव्हते. तिने बेरीज दोनदा केली. वर्गात दुसऱ्यांदा करण्याची सवड आम्ही कधी दिलीच नव्हती.

तिसरे कारण सर्वांत खोल आहे. 'गणिताला डोके लागते आणि ते उपजतच असावे लागते', असे आपण सहज बोलून जातो. बुद्धी जन्माने मिळते हा विचार आपण समाजजीवनात नाकारला; गणिताच्या तासाला मात्र तो मागच्या दाराने आत येतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

मज्झिम निकायात गणक मोग्गल्लान नावाच्या हिशेबनिसाशी भगवान बुद्धांचा संवाद आहे. तो गणक सांगतो की, आमच्या व्यवसायात शिष्य आला म्हणजे आम्ही त्याला आधी एक, मग दोन, मग तीन असे शंभरापर्यंत मोजावयास शिकवतो; तुमच्या धम्मातही असे पायरीपायरीने शिक्षण आहे काय? बुद्ध होय म्हणतात आणि त्या पायऱ्या उलगडून सांगतात. धम्मशिक्षणाचा क्रम समजावण्यासाठी संवादाची सुरुवात मोजणीपासून व्हावी, ही आम्हांला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. पायरी वगळली नाही तर चढण कोणालाही जमते. जे मूल आठवीत अडखळते, त्याची चौथीतील एखादी पायरी निसटलेली असते. ती शोधून पुन्हा बसवून देणे, हे शिक्षकाचे काम आहे.

आणि त्या पायऱ्या आपल्या घरांतच आहेत. धान्य मोजणाऱ्या आजीला विचारा : दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, चार शेरांची एक पायली. म्हणजे चिपटे हा पायलीचा सोळावा हिस्सा. अर्धा, पाव, अष्टमांश, षोडशांश हे अपूर्णांक फळ्यावर येण्याआधी कित्येक पिढ्या आपल्या कणगीपाशी नांदत होते. जुन्या शाळांत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करून घेत. त्यांतही हेच व्यवहाराचे अपूर्णांक होते.

गवंडीकाम करणाऱ्या पालकांना विचारा. भिंतीचा कोपरा काटकोनात आहे का हे पाहण्यासाठी ते एका बाजूवर तीन फूट, दुसरीवर चार फूट अशा खुणा करतात आणि दोन खुणांमधील अंतर पाच फूट भरते का ते पाहतात. नववी-दहावीत ज्या प्रमेयाने मुलांची झोप उडते, ते बांधकामाच्या ओळंब्याशेजारी रोज वापरले जाते. मातीकाम करणाऱ्यांना 'ब्रास' ठाऊक असतो : शंभर घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट खोल खड्डा म्हणजे एक ब्रास. खोली दोनाऐवजी अडीच फूट झाली तर मजुरी सव्वापट मिळावयास हवी, हे ज्या मुलाला सांगता येते त्याला घनफळ समजले. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि गावात बोलणे एकर-गुंठ्यांत चालते. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखेच, एवढे माहीत असले तरी उतारा वाचताना धीर येतो.

सर्वांत निकडीचा विषय कर्जाचा. समजा, एखाद्या भगिनीने १०,००० रुपये कर्ज घेतले. सांगितलेला दर वर्षाला २० टक्के. व्याज २,००० रुपये, एकूण फेड १२,००० रुपये आणि दरमहा १,००० रुपयांचा हप्ता. ऐकावयास सरळ वाटते. परंतु पहिल्या हप्त्यापासूनच मुद्दल कमी होऊ लागते आणि व्याज मात्र वर्षभर पूर्ण दहा हजारांवर धरलेले असते. वर्षभराचा विचार केला तर तिच्या हाती सरासरी पावणेसहा हजारांच्या आसपासच मुद्दल राहिले आणि त्यावर तिने दोन हजार व्याज दिले. म्हणजे खरा दर वीस नव्हे, ३५ टक्क्यांच्या घरात गेला. याला फ्लॅट रेट म्हणतात. तसेच सावकाराचे 'शेकडा दोन' कानाला किती मऊ लागते! पण ते महिन्याचे असते. वर्षाचे २४ टक्के झाले आणि व्याज मुद्दलात मिसळत गेले तर ३६ महिन्यांत कर्ज दुप्पट होते. हे दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येक मुलामुलीला घरच्यांना समजावून सांगता आले पाहिजे. ते येत नसेल, तर गुणपत्रिकेतील आकड्यांचा घरच्यांना उपयोग काय?

येथे एक शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. व्यवहाराचे गणित, व्यवहाराचे गणित म्हणत आपण आपल्या मुलांना बाजारहाटापुरतेच गणित शिकवणार काय? शहरातील मुलांनी कलनशास्त्र शिकावयाचे आणि आपल्या मुलांनी किराण्याची बेरीज करावयाची, ही नवी उतरंड तर होणार नाही?

ही भीती आम्हांला मान्य आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो. व्यवहार हे गणिताचे दार आहे, कुंपण नव्हे. गवंडी तीन-चार-पाच वापरतो. 'असे का होते?' हा प्रश्न शाळेने विचारावयाचा आणि सिद्धतेपर्यंत न्यावयाचा. शेकडा दोनपासून चक्रवाढ, चक्रवाढीपासून घातांक आणि भूमितीश्रेणी, असा रस्ता पुढे जातोच. ज्याच्या पायाखाली व्यवहाराची घट्ट जमीन आहे, त्याला अमूर्ताची उंची गाठणे सोपे जाते.

आणि ज्याचा काहीही उपयोग नाही अशा गणितावरही आपल्या मुलांचा तेवढाच हक्क आहे. नाशिकजवळच्या देवळालीत द. रा. कापरेकर नावाचे शाळाशिक्षक होते. त्यांनी शोधलेली गंमत पाहा. सर्व अंक सारखे नसतील अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या, समजा ३५२४. अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा : ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. हेच पुन्हा करा : ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. पुन्हा : ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येते. कोठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच संख्येपाशी पोहोचाल. हा 'कापरेकर स्थिरांक' आज जगभरचे गणितप्रेमी ओळखतात. यातून कोणाचे कर्ज फिटत नाही. परंतु वसतिगृहात रात्री दिवे मालवण्यापूर्वी हा खेळ करून पाहणाऱ्या मुलांच्या डोळ्यांत जी चमक आम्ही पाहिली आहे, तीही शिक्षणाचीच कमाई आहे.

तेव्हा करावयाचे काय? आमच्या सूचना साध्या आहेत आणि त्यांना मोठा खर्च नाही.

शिक्षकांनी उत्तराबरोबर 'हे कसे काढलेस?' असे विचारावे आणि चुकीच्या उत्तरातील बरोबर पायरीलाही गुण द्यावेत. आठवड्यातून एकदा मुलांनी स्वतः आपल्या घरातील व्यवहारावरून उदाहरण तयार करावे. सुटीत प्रत्येकाने एक हिशेबवही ठेवावी : घरातील महिन्याचा खर्च, मजुरीचे दिवस, खाडे, उचल, हप्ते. ही वही तपासताना मात्र एक पथ्य पाळावे. कोणत्या घरात किती पैसे आहेत याची चर्चा वर्गात होऊ नये. मांडणी बरोबर आहे की नाही एवढेच पाहावे.

पालकांनी 'आमच्या घरात कोणालाच गणित जमले नाही' हे वाक्य मुलांसमोर उच्चारू नये. त्याऐवजी घरातील चिठ्ठी, वीजबिल, दुकानाची उधारीची वही मुलांच्या हाती द्यावी आणि म्हणावे, "बघ बरं, बरोबर आहे का?" आईवडिलांनी आपल्यावर एवढा विश्वास टाकला, ही जाणीव कोणत्याही बक्षिसापेक्षा मोठी असते.

माजी विद्यार्थ्यांकडे आमचे विशेष मागणे आहे. आपल्यापैकी कोणी बँकेत आहेत, कोणी अभियंते, कोणी शिंपी, कोणी शेतकरी, कोणी कार्यालयांत पगारपत्रके तयार करतात. वर्षातून एक रविवार शाळेला द्यावा आणि येताना आपल्या कामातील एक खरा कागद घेऊन यावे. नकाशा, कर्जाचा तक्ता, कापडाचे माप, औषधफवारणीचे प्रमाण, काहीही चालेल. भाषण नको, त्या कागदावरील गणित मुलांसोबत बसून सोडवावे. देणगीची पावती शाळेला मिळतेच, हा तास मुलांना आयुष्यभर पुरतो.

त्या मुलीच्या प्रगतिपुस्तकावरील शेरा आम्ही पुढच्या सत्रात बदलला. 'हिशेबात पक्की, अपूर्णांकांचा सराव हवा', असे लिहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दुसरी पुढील वर्षभरात खोटी ठरली. आता कोणत्याही मुलाच्या नावापुढे शेरा लिहिण्यापूर्वी आम्ही व्हरांड्याची ती पायरी आठवतो. वाचकांनीही आपापल्या घरी एक करावे. उद्या जो कोणता हिशेबाचा कागद हाती येईल, तो मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवून तपासावा, आणि बेरीज दोनदा करावी.